पहिल्या तारेवरचा ‘रोमान्स’

गिटार मांडीवर घ्यावी आणि डाव्या हाताला मोकळं सोडावं. उजव्या हाताच्या अंगठ्यानं सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार छेडावी. पाठोपाठ अनामिकेनं पहिली, मधल्या बोटानं दुसरी आणि तर्जनीनं तिसरी. मानेवरचा एकही पडदा, म्हणजे फ्रेट, दाबलेला नाही, तरी खोलीत एक पूर्ण स्वरसमूह उभा राहतो. सहाव्या तारेचा सूर षड्ज मानला, तर खाली खर्जातला षड्ज, वर त्याच्याहून दोन सप्तकं उंच षड्ज आणि त्या दोघांच्या मध्ये पंचम आणि कोमल गंधार. पाश्चात्त्य संगीतात याला ई मायनर कॉर्ड म्हणतात. गिटारच्या तारा ज्या रीतीनं लावतात तिच्यात हा कॉर्ड आयताच दडलेला आहे. ज्याला अजून काहीही वाजवता येत नाही, त्याच्याही हातून तो निघतो.

हे हेरून कुणीतरी, बहुधा स्पेनमध्ये, एक धून बांधली. बांधणाऱ्याचं नाव राहिलं नाही. धून मात्र ‘रोमान्स’, ‘स्पॅनिश रोमान्स’, ‘रोमान्स अनोनिमो’ अशा नावांनी जगभर पोचली आणि गिटारच्या खासगी शिकवण्यांत नवशिक्याच्या वाट्याला येणारी सर्वांत सुंदर चीज ठरली. मैफिलीतले मोठे वादकही ती वाजवतात. पण मला तिचं खरं घर शिकवणीची खोली वाटते. तिथं ती कशी उलगडते, कुठल्या क्रमानं कळते आणि कुठं जीव गुंतवते, ते मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

मी ती नामपूरला शिकलो. मोसम नदीच्या खोऱ्यातलं, नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातलं हे गाव बाजार समितीतल्या कांद्यासाठी ओळखलं जातं; लिलावाच्या दिवशी रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बागलाणाला वाद्यांचं वावडं नाही. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी घुमते, भजनी मंडळांत पेटी आणि मृदंग असतात, लग्नसराईत बँडच्या मागे अख्खी वरात नाचते. ही सगळी वाद्यं चारचौघांत वाजणारी, दहाजणांना एकत्र आणणारी. ‘रोमान्स’ मात्र एकट्यानं वाजवायची चीज आहे. सूर, ठेका आणि साथ या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या दहा बोटांत. अशी चीज शिकायला समोरासमोर बसलेला एकच गुरू लागतो. वर्गात वीस जणांना एकदम ती शिकवता येत नाही, कारण तिच्यात शिकवायचं असतं ते प्रत्येक बोटाचं वजन, आणि ते ज्याचं त्याचं वेगळं असतं.

माझ्या सरांनी पहिल्या दिवशी एक अट घातली होती. स्टीलच्या तारांची गिटार चालणार नाही, नायलॉनचीच हवी. गावाकडे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक गिटार स्टीलच्या तारांच्या असतात. त्यांचा ताण जास्त, त्यामुळे नव्या बोटांना त्या कापतात. पण सरांचं कारण निराळं होतं. स्टीलची तार आघातालाच चमकते आणि तो चमकलेला आवाज लवकर मावळत नाही. नायलॉनचा सूर गोल उमटतो आणि पुढच्या सुराला जागा करून देतो. या धुनेत एका आवर्तनात नऊ सूर येतात. ते एकमेकांवर चढून बसले तर चाल ऐकूच येणार नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती फक्त कोरड्या मुलखातल्या माणसालाच सुचावी. एप्रिल-मेच्या झळांत लाकूड सुकतं, गिटारची मान किंचित हलते आणि तारांची उंची बदलते. म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला स्पंज ठेवायचा आणि ती डबी गिटारच्या पेटीत ठेवायची. वाद्याला तहान लागते, असं ते म्हणत.

मग उजवा हात. काही आठवडे फक्त उजवा हात. अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. तीन मात्रांचं आवर्तन, प्रत्येक मात्रेत तीन सूर, अंगठा दर आवर्तनाच्या समेवर एकदाच. मात्रेचा पहिला सूर नेहमी अनामिकेचा, पहिल्या तारेवरचा. चाल तिच्या ताब्यात. उरलेले दोन सूर म्हणजे साथ.

या वाटणीत त्या अनाम रचनाकाराची नजर दिसते. अनामिका हे हाताचं दुबळं बोट. गंध लावताना ती पुढे येते, एरवी कष्टाच्या कामात मागे असते. नेमकं तिलाच चालीचं ओझं दिलं आहे, आणि बळकट असलेल्या तर्जनीला व मधल्या बोटाला दबून वाजायला सांगितलं आहे. नवशिक्याचा हात नैसर्गिकपणे उलटं करतो. सुरुवातीला नऊच्या नऊ सूर सारखे वाजतात, किंवा तर्जनीचा सूर सगळ्यांत मोठा. सर तेव्हा बोटांकडे बघत नसत. ते खिडकीबाहेर बघत बसत आणि म्हणत, “पहिली तार ऐका. बाकीच्या दोन कानाला फक्त लागल्या पाहिजेत, दिसल्या नाही पाहिजेत.” हे बोटांचं व्याकरण पुस्तकात एका ओळीत लिहिता येतं, कानाला ते कळायला अख्खा पावसाळा जातो. पण एकदा कळलं की खोलीत दोन माणसं वाजवताहेत असं वाटू लागतं. एक गातो आहे, एक त्याच्यामागे झुलतो आहे. फ्रेट अजून एकही दाबलेला नसतो.

आता डावा हात, आणि त्याचं फक्त एक बोट. चाल षड्जापासून सुरू होत नाही. ती पंचमावर सुरू होते, पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, आणि तिथंच तीन मात्रा थांबते. नवा राग ऐकताना आपण गायक षड्जावर कसा येतो याची वाट पाहतो. इथं पहिल्याच आवर्तनात पंचम न्यासस्थान होऊन बसतो आणि षड्ज खालून, अंगठ्यातून, आधार देतो. मग चाल पायरी पायरीनं उतरते: मध्यम, कोमल गंधार, शुद्ध रिषभ, आणि मोकळ्या तारेवर षड्ज. उतरताना ती एकही पायरी वगळत नाही. चढताना मात्र रिषभ आणि मध्यम दोन्ही सोडून देते. षड्ज, गंधार, पंचम, आणि पुढच्या समेवर थेट तार षड्ज. अवरोह चालत, आरोह उड्या घेत. चार आवर्तनांत एक पूर्ण वळसा झाला आणि पाचव्यात चाल तारेच्या बाराव्या फ्रेटवर उभी आहे.

बारावा फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य. सातव्या फ्रेटवर दाबलं की तारेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग कंपत राहतो. दोनास तीन हे षड्ज-पंचमाचं नातं. तेव्हा पहिल्या चार-पाच आवर्तनांत ही चाल नवशिक्याला नुसती गाणं शिकवत नाही, एका तारेचा भूगोल दाखवते. मोकळी तार कुठं, गंधार कुठं, पंचम कुठं, अर्ध्यावर काय. सगळं एका तारेवर, एका बोटानं. मी सतारीवर मींड ऐकत वाढलेला माणूस. सुराला तारेवर जागा असते आणि दोन सुरांमध्ये खरंच अंतर असतं, ते चालून जावं लागतं, हे मला या चालीनं हातात दिलं. पाश्चात्त्य संगीतातली बरीच नवशिक्यांची पुस्तकं पहिल्या तीन फ्रेटमध्येच मुक्काम करतात. त्यांत शिस्त आहे, पण प्रवास नाही. इथं पहिल्याच ओळीत अर्धी तार पालथी घातली जाते आणि तरी हाताला जड जात नाही, कारण दुसरी आणि तिसरी तार मोकळ्याच वाजत राहतात.

त्या मोकळ्या तारांमुळेच ही धून मराठी कानाला परकी वाटत नाही, असं माझं मत आहे. खाली षड्ज ठरलेल्या अंतरानं येतो, मधे पंचम अखंड वाजतो, आणि चाल त्यांच्यावरून फिरते. हा तंबोऱ्याचा न्याय आहे. पहिली सहा आवर्तनं खालचा सूर बदलतच नाही. पुढे दोन आवर्तनं तो मध्यमावर जातो, मग दोन पंचमावर, आणि परत षड्जावर येतो. पहिल्या भागात अंगठ्याला मुख्यतः तीनच ठिकाणं आहेत: सा, म, प. तंबोरा पंचमावर लावायचा की मध्यमावर, हे आपल्याकडे राग ठरवतो. इथं जणू एकाच चिजेत तंबोरा मध्यमावर जाऊन येतो, पंचमावर जाऊन येतो. कॉर्ड बदलणं म्हणजे काय, हे मला सिद्धान्तातून कधीच नीट समजलं नव्हतं. इथं कळलं: आधाराचा सूर हलला की वरचा तोच सूर वेगळ्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतो.

सुरांचा मेळ किरवाणीच्या जवळचा आहे. कोमल गंधार, कोमल धैवत, आणि मोक्याच्या जागी शुद्ध निषाद. किरवाणी आपल्याकडे कर्नाटक पद्धतीतून आलेला राग, सतारिये-सरोदियांचा लाडका. पण ‘रोमान्स’ निखळ किरवाणी नाही. तार षड्जावरून उतरताना ती कोमल निषाद घेते, आणि शुद्ध निषाद राखून ठेवते. तो कुठं खर्च करते, ते पाहणं हा या चिजेतला सर्वांत मोठा आनंद आहे.

सातव्या आवर्तनाला एका बोटाची सुखाची वाट संपते. तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी, सगळ्या तारांवर. गिटार सोडून देणाऱ्यांपैकी कितीतरी जण या आडव्या तर्जनीशी सोडून देतात. मनगट दुखतं, तारा फुसफुसतात, मधल्या एखाद्या तारेचा आवाजच येत नाही. दोन आवर्तनं तिथं, मग तीच आडवी तर्जनी सातव्या फ्रेटवर. खाली पंचमाचा आधार. चाल पंचमावर आहे, कोमल धैवताला शिवते, परत पंचमावर येते. आणि मग करंगळीला अकराव्या फ्रेटवर जावं लागतं. तर्जनी सातव्यावरून हलवायची नाही.

हा शुद्ध निषाद. राखून ठेवलेला. आणि त्याच्या लगेच खाली कोमल धैवत. त्या दोन सुरांत दीड स्वराचं अंतर आहे. सबंध पहिल्या भागात पायरी पायरीनं उतरणारी चाल इथं एकदाच पायरी चुकवून खाली येते. ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी ओढलं जातं ते इथंच. शोक म्हणावा इतकं ते उघड नाही. करुणेची एक तिरीप म्हणा. मग चाल पंचमावर सावरते, आणि पहिल्यासारखीच मध्यम-गंधार करत घरी येते.

आता हात बघा. सरासरी ६५ सेंटिमीटरची तार धरली तर सातव्या फ्रेटपासून अकराव्यापर्यंत सुमारे नऊ सेंटिमीटरचं अंतर पडतं. नवशिक्याची करंगळी तिथं पोचते तेव्हा पंजा पूर्ण ताणलेला असतो. म्हणजे या चिजेत कानाला जिथं सगळ्यांत जास्त ओढ बसते, नेमकी तिथंच हातालाही सगळ्यांत जास्त ओढ बसते. रचनाकारानं हे ठरवून केलं असेल की गिटारच्या शरीरातूनच ते आलं असेल, सांगता येत नाही. पण त्याचा परिणाम असा की नवशिका त्या सुराला हलक्या हातानं घेऊच शकत नाही. तो सूर त्याला कमवावा लागतो. कुशल वादकाच्या हातून तो सहज निघतो आणि मग त्याला मुद्दाम थोडा विलंब करून, थोडा कंप देऊन ती ओढ परत आणावी लागते. शिकाऊ माणसाच्या हातात ती ओढ आपोआप असते. म्हणून मला वाटतं, ‘रोमान्स’ची काही श्रीमंती नवशिक्याच्याच वादनात ऐकायला मिळते. त्याच रचनाकाराची दयाही इथं दिसते. हाच ताण मानेच्या टोकाशी, पहिल्या काही फ्रेटमध्ये मागितला असता तर अंतर बारा सेंटिमीटरच्या पुढे गेलं असतं. वर सरकत गेलं की फ्रेट जवळ जवळ येतात. चालीनं विद्यार्थ्याला आधी वर नेलं, आणि मग त्याच्याकडून ताण मागितला.

सरांनी या जागेवर काहीही सांगितलं नाही. ते फक्त थांबायचे. मी अकराव्या फ्रेटकडे निघालो की ते बोलणं तोडून गप्प होत, आणि सूर लागला, न लागला, चाल षड्जावर येईपर्यंत शब्द काढत नसत. चुकलं म्हणून कधी मधेच थांबवलं नाही. चांगल्या शिक्षकाची जात अशा गप्प राहण्यात कळते. त्या जागी सूचना दिली तर विद्यार्थी बोटाकडे बघतो. गप्प राहिलं तर तो सुराकडे बघतो.

रचनाकाराच्या शोधाची कथाही ऐकण्याजोगी आहे. या धुनेला जगाच्या कानाकोपऱ्यात नेलं ते १९५२ सालच्या रने क्लेमाँच्या ‘झ्यू ऍंतेर्दी’ या फ्रेंच चित्रपटानं. १९४० मध्ये पॅरिस सोडून निघालेल्या निर्वासितांच्या रस्त्यावर विमानांतून गोळीबार होतो, एका लहान मुलीचे आईवडील मारले जातात, आणि एका शेतकऱ्याच्या मुलाबरोबर ती मेलेल्या प्राण्यांसाठी एक गुप्त स्मशान सजवू लागते. या कथेला सोबत एकट्या गिटारची. वाजवणारे नार्सिसो येपेस तेव्हा पंचविशीत होते. मुलांच्या हातातला तो खेळ आणि नवशिक्याच्या हातात बसेल इतकी साधी ही धून, यांची जोडी लागली. लहानपणी आईसाठी ही धून आपणच रचली होती, असं येपेस पुढे सांगत. त्यांचा जन्म १९२७ चा. पण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर माद्रिदमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या फोनोग्राफच्या एका नळकांडीवर हीच धून मिळते. त्यावर नाव दिलं आहे गिटारवादक फर्नांदो सोरच्या धाटणीचं, ‘अभ्यासधडा’ म्हणून. इतरही काही गिटारवादकांची नावं तिला वेळोवेळी चिकटली. एकही टिकलं नाही.

मला त्या नळकांडीवरचा ‘अभ्यासधडा’ हा शिक्का फार मोलाचा वाटतो. म्हणजे ही धून जन्मली तीच बहुधा शिकवणीसाठी. कुण्या शिक्षकानं समोर बसलेल्या कुण्या विद्यार्थ्याचा हात पाहून ती बेतली असावी, मग त्या विद्यार्थ्यानं आपल्या विद्यार्थ्याला दिली असावी. आपल्याकडे गुलाबाईची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या हे विचारायचं नसतं, त्या आईकडून मुलीकडे येतात. ‘रोमान्स’ छापील स्वरलिपीत आली, तरी तिचा वंश तोच आहे.

येपेसांचं त्या चित्रपटातलं वादन मी अनेकदा ऐकतो, कारण त्यात गळेपडू लाडिकपणा नाही. लय सरळ चालते. आज या धुनेची जी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात त्यांतली बरीचशी प्रत्येक आवर्तनाच्या टोकाला उसासा टाकतात, लय खेचतात, सोडतात. एका आवर्तनात नऊ सूर समान चालीनं वाहण्यात जी झुळूक आहे, ती त्यात मोडून जाते. ही चाल स्वतः पुरेशी हळवी आहे. वादकानं तिच्यासाठी रडायची गरज नाही. सर सुरुवातीला मेट्रोनोम लावून द्यायचे तो याचसाठी, आणि बरोबर अकराव्या फ्रेटच्या आवर्तनाला तो बंद करायचे. तेवढीच एक मोकळीक.

पाठ छापून विद्यार्थ्यापर्यंत पोचवण्याचा प्रश्न नाशिक जिल्ह्याला नवा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, नवशिक्यांसाठी स्वरलिपीत क्रमिक पुस्तकं छापली, आणि पुढे मुंबईतला व्याप आवरल्यावर नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहून शिष्य घडवले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. गाणं घराण्याच्या उंबऱ्याआड न ठेवता, पुस्तकातून, पायऱ्यापायऱ्यांनी, कुणालाही शिकता यावं, ही पलुस्करांची धडपड. तिचं ऋण मोठं आहे. आज तालुक्याच्या गावीही मुलं संगीताच्या परीक्षांना बसतात ती त्या वाटेवरूनच. तरी त्यांनीही शिष्य समोर बसवलेच. पुस्तक काय वाजवायचं ते सांगतं. अनामिकेला किती वजन द्यायचं ते समोरचा माणूसच सांगू शकतो. ‘रोमान्स’ची स्वरलिपी दोन पानांची आहे, कुठल्याही वाद्यांच्या दुकानात किंवा मोबाइलवर मिळते. तिच्यात सर खिडकीबाहेर का बघायचे, हे लिहिलेलं नाही.

आता दुसरा भाग. इथं गंधार शुद्ध होतो. खालचा षड्ज तोच, पण पहिल्या तारेवर बोट तिसऱ्याऐवजी चौथ्या फ्रेटवर बसतं आणि सगळी खोली उजळते. मायनरचा मेजर झाला. एका सुराचं अर्ध्या स्वरानं वर जाणं इतकं काही घडवू शकतं, हे बिलावलच्या मुलखात वाढलेल्या कानाला नवं नाही, पण ते एकाच चिजेच्या पोटात, एकाच षड्जावर, श्वास घ्यायलाही न थांबता घडणं नवं आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसऱ्या भागाची सुरुवात मला पहिल्याच्या तोडीची वाटत नाही. शुद्ध गंधार येताच जी टवटवी येते ती दोन आवर्तनांत सरते, आणि मग चाल थोडी सजावटीकडे झुकते. मोकळ्या तारांचा आधार कमी होतो, डाव्या हाताला एकामागोमाग नव्या आकृत्या बांधाव्या लागतात, आणि नवशिक्याच्या हातून ही जागा बहुतेक वेळा खडखडत जाते. पण मध्यावर एक ओळ येते तिच्यासाठी हे सगळं सोसावं. चाल पुन्हा बाराव्या फ्रेटवर, तार षड्जावर पोचते. पहिल्या भागात ती इथून कोमल निषाद आणि कोमल धैवत असे दोन मोठे पाय टाकत उतरली होती. या वेळी ती अर्ध्या अर्ध्या स्वरानं येते: अकरावा फ्रेट, दहावा, नववा. शुद्ध निषाद, लगेच कोमल निषाद, मग शुद्ध धैवत. पहिल्या भागात ज्या निषादासाठी पंजा ताणावा लागला होता, तो इथं सहज वाटेत भेटतो, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून त्याचा कोमल भाऊ. आपल्या रागसंगीतात दोन्ही निषाद एकापाठोपाठ असे घेणं ही जपून करायची गोष्ट असते. इथं ते घसरण म्हणून येतात, उजेडातून उतरत्या उन्हाकडे. सरांना ही ओळ इतकी आवडायची की ते ती स्वतः वाजवून दाखवत, आणि फक्त तेवढीच. सबंध चीज त्यांनी मला कधीच वाजवून दाखवली नाही. ती माझ्या कानात त्यांच्या हातची होऊन बसू नये, असा त्यांचा विचार असावा. पटतो मला तो.

मग पुन्हा पहिला भाग, जसाच्या तसा. पण तो आता जसाच्या तसा ऐकू येत नाही. शुद्ध गंधार ऐकून झाल्यावर कोमल गंधार परततो तेव्हा त्याला उजेडाची आठवण असते. सुरुवातीला तोच सूर नुसता हळवा होता; आता तो जाणता आहे. अकराव्या फ्रेटवरचा निषादही दुसऱ्यांदा येतो तेव्हा विद्यार्थ्याला त्याची वाट माहीत असते, आणि ऐकणाऱ्यालाही. एकही नवा सूर न वापरता अर्थ बदलण्याची ही किमया आपल्या अस्थाई-अंतऱ्याच्या घडणीतही आहे. अंतरा गाऊन मुखड्यावर परत येणाऱ्या प्रत्येक गायकाला ती ठाऊक असते.

मराठी घरांत गिटार शिरली ती वेगवेगळ्या दारांनी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांच्या हातून ती पार्श्वसंगीतात भिनली. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या हवाईयन गिटारवरच्या तबकड्यांनी गाण्यांच्या चाली शब्दांवाचून घराघरांत पोचवल्या. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले आणि ती संतूर-बासरीच्या पंगतीला बसली. पण या बहुतेक रूपांत आपण तिला दुसऱ्या कुणाच्या सोबतीत किंवा दुसऱ्या वाद्याच्या वळणावर ऐकलं. सरकपट्टीवाली हवाईयन गिटार तर गळ्याची नक्कल करायला निघालेली. ‘रोमान्स’ कशाचीच नक्कल करत नाही. ती गिटारच्या मोकळ्या तारांतून, तिच्या फ्रेटच्या अंतरांतून, तिच्या बोटांच्या वाटणीतूनच उगवली आहे. पेटीवर किंवा बासरीवर तीच चाल वाजवली तर तिच्यातलं निम्मं गळून जातं. म्हणून गिटार म्हणजे काय हे नवशिक्याला कळावं असं ज्याला वाटतं, त्यानं चित्रपटगीतांचे चार कॉर्ड शिकवण्याआधी त्याच्यासमोर ही दोन पानं ठेवावीत. चार कॉर्डांवर मुलगा लवकर गाऊ लागतो, हे खरं आहे, आणि त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण त्यात गिटार पुन्हा साथीलाच बसते.

‘रोमान्स’ हातात बसल्यावर सरांनी पुढचा पाठ दिला तो फ्रान्सिस्को तारेगाचा ‘लाग्रिमा’. तारेगा १८५२ ते १९०९ या काळातला, तोही स्पेनचाच. ही चीजही तीन मात्रांची, हिचाही षड्ज तोच ई, हिचेही दोनच भाग आणि शेवटी पहिल्याकडे परतणं. फक्त क्रम उलटा: सुरुवात मेजरमध्ये, शुद्ध गंधारावर, आणि मायनर मधोमध. दोन्ही एकापाठोपाठ वाजवल्या की ‘रोमान्स’चा उजेड आणि ‘लाग्रिमा’चा उजेड यांतला फरक कानाला स्वच्छ दिसतो. पहिलीत तो मधे लाभतो आणि निसटतो; दुसरीत तो आधीपासून असतो, मधे हरवतो आणि परत मिळतो, पण परत मिळालेला शुद्ध गंधार थोडा थकलेला वाटतो. सर म्हणाले, आता महिनाभर दोन्ही वाजवा, एकीनंतर दुसरी, आणि दरवेळी क्रम बदला.